रेस नको, मला रिकामा ट्रॅक दाखवा

आमच्याकडे पाहुणे आले आणि माझ्या फोनमधले युरोपचे फोटो बघायला बसले की पाचव्या-सहाव्या फोटोला त्यांचे चेहरे पडायला लागतात. आयफेल टॉवर नाही, स्वित्झर्लंडचा बर्फ नाही, नुसता डांबरी रस्ता, कडेला लाल-पांढरे पट्टे आणि कुठंतरी कोपऱ्यात जॅकेट घालून उभा असलेला माझा नवरा. आई तर स्पष्टच म्हणते, अगं एवढे पैसे घालून रस्तेच बघायचे होते तर आपला नाशिक हायवे काय वाईट होता.

तर एकदाच सविस्तर लिहून टाकते म्हणजे परत परत सांगायला नको. मला रेसिंग ट्रॅक बघायचा नाद आहे, रेस बघायचा नाही, म्हणजे रेस टीव्हीवर बघतेच, दर रविवारी, पण प्रवास करून जायचं तर ट्रॅक रिकामा असताना किंवा फार तर साधा ट्रॅक डे असताना, म्हणजे हौशी लोक आपापल्या गाड्या ट्रॅकवर चालवतात तेव्हा. रेसच्या दिवशी तुम्हाला काय दिसतं? एका स्टँडमधून एक कॉर्नर, दर दीड मिनिटाला काहीतरी झूं करून जातं, मधल्या वेळात पुढच्या माणसाची टोपी, आणि परत येताना पार्किंगमधल्या चिखलात दोन तास. रिकाम्या दिवशी मात्र तुम्ही पायी चालता आणि पायांना जे कळतं ते टीव्हीवर कधीच कळत नाही, ते म्हणजे चढ. टीव्हीचा कॅमेरा लांबून झूम करतो त्यामुळं सगळं सपाट दिसतं. खरे ट्रॅक सपाट नसतात, निदान चांगले तरी नसतात.

हे चढाचं वेड बहुतेक घरूनच आलंय. मी मूळची राजगुरुनगरची, म्हणजे बैलगाडा शर्यतीचा मुलूख. आमच्याकडं शर्यत जिथं होते त्याला घाटच म्हणतात, कारण ती चढावरच होते. खालून बारी, म्हणजे एकेका गाड्याची पाळी, सुटते, वरच्या निशाणाला संपते, काही सेकंदांचा खेळ. त्या काळी बायका-मुली घाटात फारशा नसायच्या पण बाबा मला न्यायचे, आणि गाडे सुटायच्या आधी घाट चालून बघायचे, माती कुठं भुसभुशीत आहे, चढ कुठून उभा होतो, सगळं. मधे कोर्टाची बंदी आली तेव्हा घाट ओस पडले होते, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि परत भिर्रर्र सुरू झालं. पण बंदीच्या काळातसुद्धा बाबा रस्त्यानं जाताना गाडी थांबवून रिकामा घाट बघायचे. मी वेगळं काय करतेय?

बेल्जियममधल्या स्पाला पहिल्यांदा गेले तेव्हा हे फार जाणवलं. ओ रूज आणि रेडियाँ हे दोन कॉर्नर टीव्हीवर हजार वेळा बघितलेले. ला सूर्सच्या हेअरपिनमधून, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणातून, गाड्या खाली येतात, खालच्या ओढ्यापाशी डावीकडे वळतात, मग उजवीकडे, मग वर. ओढ्याचं नावच ओ रूज, पाण्यातल्या लोखंडामुळं तांबूस दिसतो म्हणून. टीव्हीवर वाटतं हलकासा चढ असेल. आम्ही कुंपणाच्या बाहेरच्या प्रेक्षकांच्या वाटेनं चढलो आणि अर्ध्यात मला थांबून कमरेवर हात ठेवायला लागले, सिंहगड चढताना जिथं ताकवाल्या मावशी बसतात तिथं थांबतो ना तसं. वर पोचल्यावर मागं वळून बघितलं तर खालचा रस्ता जवळजवळ पायाखाली दिसत होता. आणि हे लोक इथून तीनशेच्या आसपास स्पीडनं जातात, आणि खालून वर येताना त्यांना माथ्याच्या पलीकडचं काही दिसत नाही, आकाश दिसतं फक्त. अख्ख्या ट्रॅकवर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या जागेत साधारण शंभर मीटरचा फरक आहे.

पण स्पाची खरी गंमत ट्रॅकच्या बाहेर आहे. आत्ताचा ट्रॅक ७ किलोमीटरचा आहे, जुना १४ च्या वर होता आणि तो चक्क गावांना जोडणारा रस्ता होता, मालमेडी, स्टाव्हलो असा फिरून येणारा. १९७० नंतर एफ वन, म्हणजे फॉर्म्युला वनची रेस, तिथं झाली नाही, पण रस्ता तसाच आहे, त्यावरून दूधवाले जातात, शाळेच्या बस जातात. आम्ही भाड्याच्या गाडीतून तो पूर्ण फिरलो, स्पीड लिमिट पाळून. मास्टा नावाच्या वस्तीपाशी सरळ रस्त्याला मधेच एक डावं-उजवं वळण आहे आणि दोन्ही बाजूंना घरं, म्हणजे अगदी रस्त्याला लागून, खिडकीतल्या कुंड्या दिसतील इतकी जवळ. तिथून हे लोक तेव्हाच्या गाड्या फुल स्पीडमध्ये काढायचे. १९६६ साली रेसमध्ये पावसात जॅकी स्टुअर्ट या ड्रायव्हरची गाडी तिथंच रस्ता सोडून गेली, तो आत अडकला, अंगावर पेट्रोल गळतंय, आणि सोडवायला ना कुणी मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे मदतीचे लोक, ना हत्यारं, शेवटी ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट या दोघा ड्रायव्हरनी कुणा प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि स्टीअरिंग काढून त्याला बाहेर घेतला. नंतर स्टुअर्टनं सेफ्टीसाठी जी भांडणं काढली, बेल्ट, बॅरियर, डॉक्टर, त्याची सुरुवात इथली. मी तिथं उतरून फोटो काढत होते तेव्हा एक आजी घरातून बघत होत्या, त्यांना या प्रकाराची सवय असावी, हात हलवला आणि आत गेल्या.

आता जर्मनीतलं न्युर्बुर्गरिंग. मी चाकणला गाड्यांच्या पार्टच्या क्वालिटीत काम करते आणि कंपनीनं काही महिने स्टुटगार्टजवळ पाठवलं होतं, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला असं आमचे हे सगळ्यांना सांगतात. न्युर्बुर्गरिंगचा जुना भाग, नॉर्डश्लायफं, २०.८ किलोमीटरचा आहे, १९२७ साली सुरू झाला, आयफेल नावाच्या डोंगरात, जंगलातून, मधे गावं, वर एक पडका किल्ला. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ठरलेल्या दिवशी तो सगळ्यांसाठी उघडा असतो. तिकीट काढायचं, मी गेले तेव्हा साधारण ३०-३५ युरो एका लॅपचे, म्हणजे एका फेरीचे, कार्ड टेकवायचं, दांडी वर होते आणि आपण आत. नियम रस्त्याचेच, ओव्हरटेक फक्त डावीकडून, टायमिंग लावायला बंदी. टोलनाका म्हणा हवं तर, फक्त टोल भरून तुम्ही जिथून निघालात तिथंच परत येता.

मी स्वतः चालवायचा विचार केला होता पण भाड्याच्या गाडीच्या करारात या ट्रॅकवर न्यायची नाही असं लिहिलेलं असतं आणि कठडा वाकवलात तर कठड्याच्या दुरुस्तीचं बिलसुद्धा तुमच्याच नावानं येतं. त्यामुळं ऑफिसमधल्या एका जर्मन सहकाऱ्याच्या हॅचबॅकमध्ये शेजारी बसून गेले. हा माणूस ऑफिसात इतका शांत की मीटिंगमध्ये तो आहे की नाही कळत नाही. आत शिरल्यावर पहिली दोन-तीन वळणं मी बोलत होते, नंतर गप्प. फुक्सरोरं म्हणून एक भाग आहे, रस्ता झाडांमधून सरळ खाली कोसळतो, तळाला गेल्यावर पोट सीटमध्ये रुतल्यासारखं होतं आणि लगेच वर. कारुसेल तर वेगळीच भानगड, वळणाच्या आतल्या बाजूला काँक्रीटचा कललेला पट्टा, खोलगट, गाडी त्यात धप्पकन उतरते, मग सांध्यांवरून धडधड धडधड करत अर्धा गोल फिरून परत वर फेकली जाते, दात एकमेकांवर आपटतात. डांबरावर सगळीकडं रंगानं नावं लिहिलेली, कुणाची गर्लफ्रेंड, कुणाचा क्लब. मागून एक पोर्शे आली, सहकाऱ्यानं उजवा इंडिकेटर दिला, बाजूला झाला, ती गेली, परत स्पीड. सुरुवातीला कोरडं होतं आणि आडेनाऊच्या पुलाजवळ पाऊस, मग परत ऊन. एवढ्या मोठ्या ट्रॅकवर हे नेहमीचंच म्हणाला. अकरा-बारा मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा तो पुन्हा ऑफिसातला झाला, म्हणाला, कॉफी?

संध्याकाळी आम्ही ब्रुन्शेन या वळणापाशी गेलो, तिथं लोक घडीच्या खुर्च्या, बिअर घेऊन बसतात आणि कोण घसरतंय ते बघतात, फुकट करमणूक. नॉर्डश्लायफंच्या पहिल्या वळणाला आता झाबिना श्मिट्झ या ड्रायव्हरचं नाव दिलंय. ती याच गावातली, घरच्यांचं हॉटेल, आणि इथली २४ तासांची रेस १९९६ आणि १९९७ अशी दोनदा जिंकलेली बाई. २०२१ ला कॅन्सरनं गेली. बाईच्या नावाचा कॉर्नर मी तरी दुसरीकडं बघितलेला नाही. एफ वन ड्रायव्हर निकी लाउडाची गाडी पेटली तो १९७६ चा अपघात याच ट्रॅकवरचा, त्यानंतर एफ वननं जुना ट्रॅक कायमचा सोडला. तो जळलेला माणूस सहा आठवड्यांनी मोन्झाला रेस पळाला आणि चौथा आला हे मी कितीही वेळा वाचलं तरी मला पटत नाही.

मोन्झा. इथं माझं आणि नवऱ्याचं एकमत झालं, कारण ट्रॅक बागेत आहे. खरंच, मिलानहून ट्रेननं मोन्झा, मग बस, आणि तुम्ही एका अवाढव्य पार्कमध्ये शिरता जिथं लोक जॉगिंग करतायत, पोरं सायकली शिकतायत आणि मधेच १९२२ सालचा रेस ट्रॅक. नवरा माझ्याबरोबर येतो पण त्याला गाड्यांत शून्य रस, पुस्तक घेऊन बाकावर बसतो. मी जुनं बँकिंग, म्हणजे एका बाजूला कललेलं वळण, शोधत गेले. १९५५ ला त्यांनी काँक्रीटचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, बांधला, वळणावर भिंतीसारखा उभा, आणि १९६१ नंतर एफ वन त्यावर झाली नाही. पाडायच्या गप्पा बऱ्याच झाल्या, पण आहे अजून. आत्ताचा ट्रॅक त्याच्या खालून जातो.

बँकिंगच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटतं की चढता येईल. अर्ध्यापर्यंत येतंसुद्धा. मग उतार असा वाढत जातो की बूट सुटायला लागतात आणि हात टेकायला लागतात. तिथं दोन-तीन इटालियन पोरं पळत येऊन वर कठड्याला हात लावायची पैज लावत होती, एकाचा लागला, बाकीचे घसरत बसून खाली, पँटचा पार्श्वभाग पांढरा. काँक्रीट खडबडीत, सांधे उघडे पडलेले, फटींतून गवत, पानांचा थर. मी सांध्यावर पाय ठेवून मोजत होते की एका सांध्यानंतर दुसरा किती उंच-खाली आहे, सवय लागलीय नोकरीमुळं, आणि काही ठिकाणी चांगला बोटभर फरक. यावरून अडीचशेनं, त्या काळच्या सस्पेन्शनवर. काही इंग्लिश टीमनी १९६० ला ही रेसच नाकारली होती, बँकिंग धोक्याचं म्हणून, आणि मला तरी ते बरोबरच वाटलं.

बंद पडलेल्या ट्रॅकमध्ये माझा जीव जास्त अडकतो हे खरं. बर्लिनचा आवुस १९२१ चा, आता तो सरळ हायवेच आहे, ए ११५, कामावर जाणाऱ्या लोकांच्या गाड्या पळतायत आणि कडेला मधेच प्रेक्षकांचं लाकडी बाकांचं जुनं स्टँड. विटांचं ४३ अंशांचं वळण होतं तिथं, वरच्या कडेला भिंत नाही, गाडी गेली की गेलीच. १९५९ ला जाँ बेहरा हा ड्रायव्हर तसाच उडून गेला, जिवानिशी. १९६७ ला पाडलं. फ्रान्समध्ये रीम्सजवळ शेतांच्या मधून जाणाऱ्या साध्या रस्त्याच्या कडेला जुने पिट, म्हणजे रेसच्या गाड्या थांबवायच्या खोल्या, आणि स्टँड उभे आहेत, भिंतीवर तेलाच्या-टायरच्या जाहिराती रंगवलेल्या, तिथल्या हौशी लोकांनी डागडुजी केलीय, तिकीट वगैरे काही नाही. हा ट्रॅक नवऱ्याला सगळ्यात आवडला. शँपेनचा भाग आहे तो, दुसरं कारण नाही. जर्मनीतल्या हॉकनहाइमला मात्र मन लागलं नाही. जंगलातले लांब सरळ रस्ते २००२ ला तोडून ट्रॅक छोटा केला, डांबर उखडून झाडं लावली, आणि झाडं लावली याला मी नावं ठेवू शकत नाही पण ट्रॅक बेचव झाला तो झालाच. जिम क्लार्क हा ड्रायव्हर १९६८ ला इथं रेसमध्ये मेला, त्याचं स्मारक आहे, तेवढं बघून निघालो.

आपल्याकडच्या ट्रॅकबद्दल लिहिलं नाही तर मंडळी चिडतील. २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची पहिली एफ वन रेस झाली तेव्हा आम्ही पुण्याहून ट्रेननं गेलो होतो, तेव्हा मी अजून रेस बघायला जाणाऱ्यांतली होते. शुक्रवारच्या प्रॅक्टिसला ट्रॅकवर कुत्रा आला आणि सेशन थांबवायला लागलं, बाहेरच्या पत्रकारांनी त्याचे फोटो काढकाढून काढले. आपल्या नारायण कार्तिकेयनची गाडी सगळ्यात मागच्यांत होती तरी तो समोरून गेला की अख्खा स्टँड उभा राहायचा. तीन वर्षं रेस झाली, तिन्ही सेबास्टियन व्हेटेल या जर्मन ड्रायव्हरनं जिंकल्या, मग टॅक्सचं भांडण, खेळ आहे का करमणूक आहे, आणि सगळं बंद. २०२३ ला मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलची रेस, आली. मी नंतर ट्रॅक डेला परत गेले, रिकाम्या स्टँडचे रंग उडालेले, पण ट्रॅक, काय ट्रॅक आहे तो! पहिल्या वळणानंतर तिसऱ्याला जाताना चांगला चढ आहे, माथ्यावर ब्रेक मारायचा, पलीकडचं दिसत नाही. ग्रेटर नोएडाच्या सपाट जमिनीवर माती आणून आणून तो चढ तयार केलाय. ५.१ किलोमीटरचा असला ट्रॅक वर्षातले बरेच दिवस गाड्यांच्या लाँच आणि शूटिंगसाठी भाड्यानं जातो, हे बघून मला राग येतो, खोटं कशाला बोलू.

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरच्या करी या ट्रॅकना मात्र जीव आहे. चेन्नईवाले आधी शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर रेस करायचे, १९९० ला स्वतःचा ट्रॅक बांधला. करी हा जेमतेम २.१ किलोमीटरचा, करिवर्धन यांच्या नावानं, ज्यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर सिंगल सीटर रेसिंग गाड्या बनवून पोरांना परवडेल असं रेसिंग सुरू केलं. १९९५ ला ते विमान अपघातात गेले. तिथं रेसच्या दिवशीसुद्धा जायला माझी हरकत नसते, कारण गर्दी बेताची, मेकॅनिक आपल्याशी बोलतात, कुणीतरी कॉफीचा कप हातात देतो, आणि अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं हेल्मेट काढून स्वतःच्या गाडीचे टायर स्वतः ढकलत नेत असतं. महाराष्ट्रात गाड्यांचे एवढे कारखाने, आणि असा जुना नावाजलेला ट्रॅक तमिळनाडूत, हे चाकणला लंच टेबलवर निघालं की वाद पेटतोच.

इंदूरजवळच्या पिथमपूरचा ओव्हल ११.३ किलोमीटरचा, पण तो टेस्टिंगसाठी आहे, कामानिमित्त आत गेले होते, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, त्यामुळं फोटो नाही. सेपांग क्वालालंपूर एअरपोर्टजवळच आहे, ट्रान्झिटमध्ये वेळ असेल तर बघता येतो, दोन मोठे स्ट्रेट पाठीला पाठ लावून आणि मधे एकच स्टँड. आणि अबूधाबीला यास मरीनाच्या ट्रॅकवर आठवड्यातल्या काही संध्याकाळी लोकांना फुकट चालायला-पळायला सोडतात, नाव नोंदवलं की झालं. दुबईच्या मावसबहिणीकडं गेले होते तेव्हा दोघी गेलो. फ्लडलाइट लावलेले, हॉटेलच्या खालून ट्रॅक जातो, मी मन लावून कर्बची, म्हणजे कडेच्या पट्ट्यांची, उंची बघतेय आणि पुढून दोन काका मराठीत म्युच्युअल फंडावर बोलत चाललेत. पण ट्रॅक सपाट. आवडला नाही.

पुढचा नंबर फ्रान्समधल्या ल मान्सचा. १३.६ किलोमीटरपैकी मोठा भाग एरवी वाहतुकीचा रस्ता आहे, मुल्सानचा सहा किलोमीटरचा स्ट्रेट धरून, त्यावर १९९० ला दोन शिकेन, म्हणजे वेग कमी करायला मुद्दाम केलेली वाकडी वळणं, टाकली कारण गाड्या चारशेच्या वर जायला लागल्या होत्या. नवऱ्याला लुआरच्या काठचे महाल बघायचे आहेत, तेही तिकडंच, त्यामुळं त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. ऑफिसात सुट्टी टाकलीय, व्हिसाची तारीख मिळाली की हॉटेल बुक करायचं, फक्त जून टाळून, कारण तेव्हा २४ तासांची रेस असते आणि खोल्यांचे भाव बघवत नाहीत.